फ्योर्डची क्रूझ आणि बाल्कनी केबिनचा हिशोब

निघायच्या आधी

नॉर्वेच्या क्रूझचा रूट ठरला, जर्मनीतलं कील ते कील, मधे बर्गन, गायरांगर, ओलेसुंड आणि फ्लोम. म्हणजे फ्योर्डच फ्योर्ड (उंच कड्यांमधे आत घुसलेली समुद्राची अरुंद खाडी), त्यामुळे बाल्कनी घ्यायची की नाही यावर आमच्या दोघांत वादच नव्हता, वाद होता कुठली घ्यायची यावर. बीचवाला रूट असता, दिवसभर जमिनीवर आणि रात्री प्रवास, तर मी इनसाइडच (बिनखिडकीची आतली केबिन) घेतली असती, काळोखातला समुद्र बघायला एवढे जास्तीचे पैसे कोण देणार. ताई आणि जिजू मात्र इथेही इनसाइडवर ठाम. "झोपायलाच तर जायचंय गं खोलीत, बाकी वेळ वर डेकवर," इति ताई. म्हटलं बरं, एकाच जहाजावर दोन्ही प्रकार होतील, बघू कोण काय म्हणतंय शेवटी.

तर बाल्कनी. बुकिंगच्या पानावर 'बाल्कनी' हा एकच शब्द असतो पण त्याच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. नेहमीची उघडी बाल्कनी, लाइफबोटच्या मागे अडलेली ऑब्स्ट्रक्टेड बाल्कनी, जहाजाच्या पोलादी अंगातच खिडकीसारखी कापलेली खालच्या डेकवरची कोव्ह बाल्कनी, अगदी मागच्या टोकाची आफ्ट बाल्कनी, आणि नवीन जहाजांवर ती इन्फिनिट वगैरे नावाची, जिथे वेगळी बाल्कनी नसतेच, खोलीची काच बटण दाबलं की अर्धी खाली सरकते आणि खोलीच बाल्कनी होते (२०१८ च्या सेलिब्रिटी एजवर हा प्रकार आला). एवढंच नाही तर जहाजाच्या आतल्या बाजूला, मधल्या बागेकडे तोंड केलेल्याही बाल्कन्या असतात, ओएसिस ऑफ द सीजसारख्या जहाजांवर. तिथून झाडं दिसतात आणि समोरच्या बाल्कनीतली माणसं दिसतात, समुद्र नाही. फ्योर्ड बघायला जाऊन अशी घेतलीत तर मग काय बोलायचं.

आणि शिवाय 'गॅरंटी' नावाचं स्वस्त तिकीट असतं. त्यात प्रकार तुमचा, नंबर कंपनीचा. बाल्कनी नक्की मिळणार पण कुठल्या डेकवर, पुढे का मागे, डिस्कोच्या वर का लाँड्रीच्या शेजारी, ते निघायच्या थोडं आधी कळणार. ज्याला कुठेही झोप लागते त्याने बिनधास्त घ्यावं. माझा नवरा त्यातला, मी नाही.

मग मी दोन संध्याकाळी डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) घेऊन बसले. नियम साधा, आपल्या केबिनच्या वरच्या डेकवर काय आहे आणि खालच्या डेकवर काय आहे ते बघायचं, दोन्हीकडे केबिनच हव्यात. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा करकराट तुमच्या डोक्यावर, खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल. पुढच्या टोकाला खाली असाल तर बंदर आलं की बो थ्रस्टरची (जहाजाचं नाक बाजूला ढकलणाऱ्या पंख्यांची) घरघर आणि अँकरची साखळी, अलार्म लावायची गरज नाही. प्लॅनवर दोन केबिनच्या मधे छोटा बाण किंवा जोडाची खूण असली तर ती कनेक्टिंग दाराची, आणि त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं भिंतीपेक्षा जास्त येतं. लाइफबोटी कुठल्या डेकवर लटकवल्यात तेही बघायचं, त्याच्या लगेच वरच्या डेकवरून खाली बघितलं की पाणी नाही, बोटीचं नारिंगी छप्पर दिसतं.

शेवटी घेतली आठव्या डेकवर, साधारण मधोमध, पोर्ट साइड म्हणजे डावीकडची. डावी का, तर गायरांगरला आत शिरताना सेव्हन सिस्टर्सचा धबधबा उत्तरेच्या कड्यावर आहे आणि तो डाव्या हाताला येतो. नवरा म्हणाला, "अगं पण बाहेर पडताना उजवीकडे येईल ना." मुद्दा बरोबर होता, पण बाहेर पडताना मी जेवत असेन की काय माहीत, आत शिरताना मात्र नक्की जागी असेन.

पहिला दिवस : कील

दुपारी चेक-इन, कार्ड हातात, आणि केबिनच्या दारात बॅगा यायच्या आधीच आपण. आधी सेफ्टी ड्रिल उरकून घ्या, कारण ते चुकवता येत नाही. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज १३ जानेवारी २०१२ ला खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर नियम बदलला, आता ड्रिल निघायच्या आधी किंवा निघताक्षणी. टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, मग आपल्या मस्टर स्टेशनवर (आणीबाणीत जमायच्या जागी) जाऊन कार्ड स्कॅन करायचं, संपलं.

केबिन फोटोत दिसते त्याहून लहान. फोटोग्राफर दारातून किंवा कोपऱ्यातून वाइड लेन्सने काढतो हे माहीत असूनही दरवेळी वाटतंच. नेहमीची बाल्कनी केबिन १७ ते २० चौरस मीटरच्या आसपास, त्यात बाल्कनी चार-पाच. या केबिन कारखान्यात आख्ख्या तयार होतात, बाथरूम, वायरिंग, कपाटं सगळं लावून, आणि मग खण सरकवल्यासारख्या जहाजात सरकवतात, म्हणून एका प्रकारच्या सगळ्या केबिन डिट्टो सारख्या. फरक फक्त एक, बेड बाल्कनीच्या काचेजवळ आहे की बाथरूमच्या बाजूला. एकाआड एक केबिनमध्ये हे उलटं असतं. बेड काचेजवळ असेल तर पडल्या पडल्या बाहेर दिसतं पण सोफ्यावरून बाल्कनीत जायला बेडला वळसा घालावा लागतो. आमचा सोफा काचेजवळ होता आणि मला तेच बरं वाटलं, रात्री एक जण झोपला तरी दुसऱ्याला बाहेर ये-जा करता येते.

बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल. कठडा काचेचा. हे डेक प्लॅनवर कळत नाही, जहाजाच्या बाहेरून काढलेल्या फोटोत झूम करून बघावं लागतं. काही डेकवर कठड्याच्या जागी पोलादी पत्रा असतो, तिथे बसलं की समोर पांढरी भिंत आणि वर आकाश. वारा कमी लागतो हे खरं, पण बसून पाणी दिसणार नसेल तर खुर्ची कशाला ठेवलीय.

संध्याकाळी सुटलो. कीलच्या खाडीतून बाहेर पडताना लाबोचा नौदल स्मारकाचा ७२ मीटर उंच मनोरा पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे उजवीकडे. आम्ही डावीकडे. पहिल्याच तासात नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, वर डेकवर गेलो.

रात्री दहाच्या सुमारास ग्रेट बेल्टचा पूल. डेन्मार्कच्या दोन बेटांना जोडणारा, १९९८ साली खुला झालेला, मधला गाळा १६२४ मीटरचा आणि पाण्यापासून उंची ६५ मीटर. बाल्टिकमधून बाहेर जाणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांना इथूनच जावं लागतं, ओएसिस ऑफ द सीज २००९ मध्ये फिनलंडहून निघालं तेव्हा चिमण्या (धुराडी) आत ओढून घेऊन खालून गेलं होतं. मी बाल्कनीत उभी राहिले आणि शेजारून तो २५४ मीटरचा खांब उजेडात न्हालेला सरकताना बघितला, जबरदस्त, पण पूल डोक्यावरून जातो तो क्षण? दिसलाच नाही. वर नवव्या डेकच्या बाल्कनीचं छत. ताई सर्वात वरच्या डेकवर होती, खाली आली ती ओरडतच, "चिमणी घासते की काय असं वाटलं गं!" तर बाल्कनीतून आजूबाजूचं दिसतं, डोक्यावरचं आणि समोरचं नाही. जहाजाच्या नाकासमोर काय येतंय ते बघायचं तर वर जाणं आलंच.

दुसरा दिवस : समुद्रात

अख्खा दिवस पाण्यात. बाल्कनीची खरी परीक्षा अशा दिवशी होते, आणि ती घेतो वारा. जहाज २० नॉटने चाललं म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, म्हणजे हवा अजिबात हलत नसली तरी बाल्कनीबाहेर तेवढा वारा आहेच, त्यात खरा वारा समोरून आला की बेरीज. स्कागेराकमधून (डेन्मार्क आणि नॉर्वेमधल्या समुद्रातून) बाहेर आल्यावर नैऋत्येकडून वारा सुटला. आम्ही उत्तरेकडे चाललेलो, डावी बाजू पश्चिमेला, म्हणजे वारा थेट आमच्या अंगावर. खुर्चीवर मिठाचा थर, टेबलावरची कॉफी थंड, आणि केस कुठल्या कुठे. उजव्या बाजूचे लोक म्हणे निवांत पुस्तक वाचत होते. पण संध्याकाळी आमची पाळी आली, मावळतीचं ऊन पूर्ण डाव्या बाजूला, आणि जूनमध्ये तिकडे ते ऊन संपता संपत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बाल्कनीचं दार उघडं असताना कुणी केबिनचं मुख्य दार उघडलं की हवेचा असा झोत येतो की दोन्ही दारं धडाधड आपटतात, बोट सापडलं तर गेलं. आमच्या बाल्कनीच्या दाराला सेन्सर होता, दार उघडं राहिलं की एसी बंद. लाटांच्या आवाजात झोपायचं म्हणून दार रात्रभर उघडं ठेवायचा जो रोमँटिक बेत असतो तो इथे बारगळतो. बंद दारातून आवाज जवळजवळ येतच नाही.

दुपारी शेजारच्या बाल्कनीतून सिगरेटचा वास. बाल्कनीत धूम्रपान चालत नाही, दारावर पाटीच लावलेली. मी रिसेप्शनला फोन केला, थोड्या वेळाने वास थांबला. कुणी म्हणेल केवढीशी गोष्ट, पण २३ मार्च २००६ ला स्टार प्रिन्सेस नावाचं जहाज जमैकाजवळ असताना पहाटे बाल्कनीत आग लागली, तपासात विझवलेली नसलेली सिगरेट हेच संभाव्य कारण निघालं. बाल्कन्यांच्या मधले पार्टिशन प्लास्टिकचे होते, ते पेटले आणि आग वारा पिऊन वरच्या डेकवर चढत गेली, धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. तोपर्यंत बाल्कनी म्हणजे 'बाहेरची जागा' म्हणून तिथे डिटेक्टर, स्प्रिंकलर असले नियम नीटसे नव्हते. २००८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत ते आले, जुन्या जहाजांनाही लागू झाले. म्हणून तर आज बाल्कनीतलं फर्निचर जरा रुक्ष दिसतं, आणि म्हणूनच टॉवेल, स्विमसूट कठड्यावर वाळत टाकले की स्टुअर्ड (केबिनची देखभाल करणारा) नम्रपणे आत आणून ठेवतो. उडालेलं कापड खालच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन अडकेल सांगता येत नाही.

दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशन मात्र उघडता येतं हं. दोन कुटुंबं शेजारी-शेजारी असली तर स्टुअर्डला सांगायचं, तो कुलूप काढून पार्टिशन भिंतीला लावतो, मोठी गच्ची होते. ताई-जिजूंनी शेजारची घेतली असती तर काय मजा आली असती, हे मी त्यांना ऐकवलं. ताई म्हणाली मी नऊ वाजेपर्यंत झोपले, तू? मी चारला जागी होते. उन्हाळ्यात तिकडे पहाटे लख्ख उजेड असतो, आमचा पडदा जाड होता पण मधल्या फटीतून एक पट्टी बरोबर उशीवर. इनसाइडमध्ये दिवा बंद केला की हात दिसत नाही. हा एक पॉइंट ताईचा.

तिसरा दिवस : बर्गन

बर्गनबद्दल सगळेच लिहितात, ब्रिगनची लाकडी घरं (१९७९ पासून जागतिक वारसा), फ्लॉयेनच्या डोंगरावर नेणारी केबल रेल्वे ३२० मीटरवर, मासळी बाजार, आणि पाऊस. सगळं केलं. पावसासकट.

बाल्कनीच्या दृष्टीने बंदर म्हणजे लॉटरी. जहाज कुठल्या कुशीने धक्क्याला लागणार ते आधी कळत नाही. आमच्या बाजूला धक्का आला, म्हणजे समोर बसेस, फोर्कलिफ्ट आणि आपल्याकडे बघणारे लोक. रात्रीचा अंगावरचा पायजमा घालून बाहेर गेले आणि तशीच आत आले.

बर्गनहून निघाल्यावर रात्री स्टाडचं टोक ओलांडायचं असतं. बर्गनच्या उत्तरेला किनाऱ्यावरची बेटांची आडवी रांग इथे तुटते आणि समुद्र थेट अंगावर येतो, वायकिंगांच्या काळापासून बदनाम जागा. रात्री साडेबारा-एकला हॅंगर कपाटात टिकटिक करायला लागले. मग कपाटातले सगळे हॅंगर काढून बेडवर ठेवले आणि ड्रॉवरमध्ये टॉवेल कोंबला, आवाज बंद. इथे मधोमध केबिन घेतल्याचं सार्थक झालं, जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं जास्त वर-खाली होतात, मध्य कमी, आणि जेवढं खाली तेवढं आडवं झुलणंही कमी. ताईची इनसाइड अकराव्या डेकवर पुढच्या बाजूला होती (गॅरंटी!). सकाळी जिजूंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना आमच्या बाल्कनीत आणून बसवलं, क्षितिजाकडे बघा म्हटलं, गार वारा लागला आणि वीस मिनिटांत माणूस माणसात. ज्याला बोट लागते त्याने बाल्कनीला चैन समजू नये, फक्त ती खाली आणि मधे असू द्यावी.

चौथा दिवस : गायरांगर

या दिवसासाठी सगळा खटाटोप. साडेपाचला अंगात दोन स्वेटर आणि वर बेडवरचं ब्लँकेट गुंडाळून मी बाहेर. आधी स्टुरफ्योर्ड, रुंद, दोन्ही बाजूला हिरवी शेतं, घरं. मग सुन्यिल्व्सफ्योर्ड, इथे एक ओकरनेस नावाचा डोंगर आहे ज्याला वर भेग पडलीय आणि ती हळूहळू रुंदावतेय, म्हणून त्यावर चोवीस तास मोजमाप चालू असतं, तो कोसळला तर फ्योर्डमध्ये प्रचंड लाट येणार. बघायला गेलं तर डोंगरासारखा डोंगर. आणि मग जहाज डावीकडे वळतं आणि १५ किलोमीटरचा गायरांगरफ्योर्ड सुरू होतो, २००५ पासून जागतिक वारसा यादीत.

वळल्यावर आवाजच बदलतो. वारा पडतो, जहाज इतकं हळू चालतं की कठड्याला टेकून खाली बघितलं तर पाणी फाटत नाही, नुसतं दुमडतं. कडे इतके जवळ की वर बघायला मान मागे टाकावी लागते, आणि हो, तेव्हा परत वरच्या बाल्कनीचं छत आडवं येतं, पण कठड्यातून थोडं पुढे वाकलं की दिसतं (थोडंच वाका). कड्याच्या अर्ध्यात कुठेतरी एवढ्याशा सपाट जागेवर लाकडी घरं, जुन्या सोडून दिलेल्या वाड्या. क्निव्सफ्लो दिसली आणि तिच्या शेजारून सेव्हन सिस्टर्स. सात धारा, सगळ्यात उंच धारेची सरळ उडी २५० मीटरची. जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो म्हणून सातही वाहत होत्या, उन्हाळा संपता संपता काही बहिणी गायब असतात असं ऐकलंय, म्हणजे बाल्कनीइतकाच महिनाही निवडावा लागतो. आमच्या बरोबर समोरून गेल्या. नवरा झोपलेला होता, त्याला उठवलं, तो उठला, बघितला, "भारी आहे" म्हणाला आणि दार उघडं टाकून परत झोपला, एसी बंद.

खुणेचं एक सांगते. आमच्या डेकच्या खाली ऑब्स्ट्रक्टेड बाल्कन्या होत्या, लाइफबोटीआड. गायरांगरला बंदर लहान म्हणून आमचं जहाज मधे उभं राहिलं आणि बोटी पाण्यात सोडल्या, टेंडर म्हणून माणसं किनाऱ्याला न्यायला. बोटी खाली गेल्याबरोबर त्या अडलेल्या बाल्कन्यांसमोर अख्खा फ्योर्ड उघडा! ऑब्स्ट्रक्टेडचं भाडं देऊन सगळ्यात सुंदर दिवशी पूर्ण व्ह्यू. अर्थात सगळ्या बोटी टेंडर नसतात, आणि बोट वर येता-जाता आतली माणसं थेट तुमच्या खोलीत बघतात, पण बजेट कमी असेल आणि रूटमध्ये टेंडरची बंदरं असतील तर हा डाव खेळायला हरकत नाही.

गावात उतरून ओर्नेवेगन नावाच्या घाटरस्त्याच्या ११ वळणांनी वर जाऊन आलो, वरून आपलंच जहाज बघितलं, त्यातली आपली बाल्कनी शोधायचा प्रयत्न केला, सगळ्या सारख्या.

दुपारनंतर परतीला जहाज उलटं फिरलं आणि आता डावीकडे आला दक्षिणेचा कडा. म्हणजे सकाळी जे उजवीकडच्यांना दिसलं ते आता आम्हाला, फ्रिआरेन हा सिस्टर्सच्या समोरचा धबधबा (सातही बहिणींना मागणी घालणारा म्हणतात त्याला), आणि त्याच बाजूला स्कागेफ्लो, ती वाडी जिथे करवसुली करणारा आला की लोक शिडी वर ओढून घ्यायचे अशी कथा आहे. नॉर्वेचे राजा-राणी हाराल्ड आणि सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस १९९३ साली इथे केला होता. तर पोर्ट की स्टारबोर्ड (उजवी बाजू) हा माझा दोन संध्याकाळींचा अभ्यास, ज्या फ्योर्डमधून आलो त्याच वाटेने बाहेर जायचंय तिथे, निम्मा फुकट. एकाच दिशेने जाणारा रूट असेल, एका बंदरात चढून दुसऱ्यात उतरायचं असेल, तर बाजू महत्त्वाची. गोल रूटला नाही. त्यापेक्षा कठडा काचेचा आहे का ते बघा.

पाचवा दिवस : ओलेसुंड

पाऊस, बारीक आणि चिवट. २३ जानेवारी १९०४ ला हे गाव जवळपास सगळं जळालं आणि मग काही वर्षांत नव्याने बांधलं, त्या काळच्या युगेंडस्टिल फॅशनमध्ये, म्हणून आख्खं गाव मनोऱ्यांचं आणि नक्षीचं. आक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या जिजू चढले, आम्ही केबिनमध्ये.

तर केबिनमधल्या सोयी, आता वेळ आहे म्हणून. भिंती पोलादाच्या, म्हणून मॅग्नेटचे हूक आणावेत, ओली जॅकेट, टोप्या, पाकिटं सगळं भिंतीवर, एवढुशा खोलीत याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने नाही. रिकाम्या बॅगा बेडखाली जातात, बेड मुद्दाम उंच असतो. सॉकेट आरशासमोर, युरोपचं एक आणि अमेरिकेचं एक, बेडशेजारी यूएसबी. एक्स्टेन्शन आणायचंच तर आधी कंपनीला विचारा, सर्ज प्रोटेक्टरवालं तर चढतानाच काढून घेतात, इस्त्री आणि किटलीसुद्धा. फ्रिज नावाला फ्रिज, पाणी गार ठेवतो, औषधं थंड ठेवायची असतील तर स्टुअर्डला सांगा, तो वेगळी सोय करतो. सेफ आहे, हेअर ड्रायर ड्रॉवरमध्ये वायरने बांधलेला आहे. दारापाशी कार्ड खोचायचं तेव्हा दिवे लागतात, तिथे दुसरं कुठलंही जुनं कार्ड चालतं. शॉवर म्हणजे एका माणसाची उभी पेटी, साबण पडला तर वाकायचं कसं यावर आधी विचार करावा लागतो. टॉयलेट विमानासारखं व्हॅक्यूमवालं, दचकायला होतं.

यातलं ताईच्या केबिनमध्ये काय नव्हतं? खरं सांगू, बाल्कनी आणि सोफा सोडून सगळं होतं. तेच सॉकेट, तोच फ्रिज, तोच शॉवर, तोच स्टुअर्डचा राउंड. बाल्कनीच्या जाहिरातीत सोयींची लांब यादी असते ती वाचून भुलू नका, ती यादी सगळ्यांचीच आहे. सोयी खऱ्या बदलतात त्या स्वीटला, वेगळं रेस्टॉरंट, आधी चढणं वगैरे. बाल्कनीला तुम्ही जादाचे देता ते त्या चार-पाच चौरस मीटर उघड्या जागेचे, आणि ती जागा जहाजात कुठे आहे त्याचे. काही जहाजांवर तर इनसाइडमध्ये भिंतभर ८० इंची स्क्रीन लावून बाहेरचं लाइव्ह दाखवतात, व्हर्च्युअल बाल्कनी. जिजूंना ती कल्पना फार आवडली, वारा नाही, मीठ नाही.

सहावा दिवस : फ्लोम

सकाळी आम्ही झोपेत असतानाच जहाज सोग्नेफ्योर्डमध्ये शिरलेलं. २०५ किलोमीटर लांब, १३०० मीटरच्या वर खोल, त्याच्या एका फाट्यात, आउरलांड्सफ्योर्डमध्ये फ्लोम. फ्लोमची रेल्वे वीस किलोमीटरमध्ये समुद्रपातळीपासून ८६६ मीटरवरच्या मिर्डालला चढते, वीस बोगदे, वाटेत ख्योसफॉसेनच्या धबधब्यापाशी थांबते आणि सगळे उतरून भिजतात. खिडकी कुठली घ्यायची यावर मी काहीही वाचलं नव्हतं आणि तरी छान दिसलं.

पण मला सांगायचंय ते संध्याकाळचं. पाचला सुटलो, आणि इथून उघड्या समुद्रापर्यंत फ्योर्डमधूनच कितीतरी तास. आउरलांड्सफ्योर्डमधून उत्तरेकडे जाताना डावीकडे आधी उंड्रेडाल, मूठभर घरं आणि मधे एक पांढरं लाकडी चर्च, जेमतेम चाळीस माणसं बसतील एवढं, बाराव्या शतकातलं. मग नॅरॉयफ्योर्डचं तोंड, इतकं अरुंद की मोठी जहाजं आत जातच नाहीत, एका ठिकाणी फक्त २५० मीटर. त्या फटीतून आत बघायला मिळालं ते डाव्या बाजूच्यांनाच. वर डेकवर गर्दी, लोक कोपर मारून फोटो काढत होते, ताई तिथून वैतागून खाली आमच्याकडे आली, जिजू आले, खुर्च्या दोन आणि माणसं चार, म्हणून आतलं स्टूल बाहेर आणलं आणि मी उंबरठ्यावर बसले. दहा वाजले तरी उजेड. कुणी उठायला तयार नाही. रूम सर्व्हिसने कॉफी मागवली, ती आली, गार झाली, परत मागवली. कड्यावर कुठे बर्फाची रेघ, कुठे एकटंच लाल घर, त्याला रस्ता कुठून असेल यावर जिजू आणि नवऱ्याची चर्चा अर्धा तास चालली. भाड्यातला फरक त्या एका संध्याकाळी वसूल झाला असं मी म्हणेन, ताई म्हणेल की तिला तर फुकटातच मिळालं.

सातवा दिवस : समुद्रात

आता दक्षिणेला. डावी बाजू पूर्वेला, सकाळचं ऊन आमचं, वारा परत नैऋत्येचा म्हणजे पलीकडच्या बाजूला, आमची बाल्कनी एकदम आडोशाला. जाताना जी बाल्कनी बसवेना तीच येताना सोडवेना. दुपारी झोपही तिथेच काढली. शेजारी परत सिगरेट, परत फोन. यावेळी सिक्युरिटीवाला येऊन गेला.

रात्री बॅगांना रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या धक्क्यावर रंगानुसार मिळतात. उद्याचे कपडे आणि टूथब्रश बाहेर काढलाय ना एवढं बघा, दरवेळी कुणीतरी पायजम्यावर उतरताना दिसतं. बाल्कनीतही एक चक्कर मारा, चष्मे आणि चपला तिथेच राहतात.

आठवा दिवस : कील

आठला केबिन सोडायची. बाल्कनी शेवटच्या सकाळी काही कामाची नाही, धक्का आपल्याच बाजूला होता, समोर पुढच्या फेरीच्या लोकांचं सामान चढत होतं.

पुढच्या वेळी मी आफ्ट घेणार, मागच्या टोकाची, सातव्या-आठव्या डेकवर. मागे इंजिनाची थरथर असते, वरच्या बाल्कन्यांतून खालचे दिसतात कारण त्या पायऱ्यांसारख्या असतात, लिफ्टपासून चालणं भरपूर, हे सगळं माहीत आहे. पण तिथे जहाजाचा स्वतःचा वारा लागत नाही आणि डावं-उजवं दोन्ही कडे एकदम मागे सरकताना दिसतात. नवऱ्याचं म्हणणं कुठलीही घे, फक्त पडद्याची फट बंद करायला दोन क्लिपा आण. जिजूंना बाल्कनी हवी आहे. ताईला अजूनही इनसाइडच, पण खालच्या डेकवर आणि नंबर स्वतः निवडून.